माझ्या किल्लीनं उघडलेली सात कुलपं

मला सायकलचोर म्हटलं गेलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि सरकारी नोकरीला चिकटून जेमतेम नऊ महिने झाले होते. गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. इतकी वर्षं उलटली, आता तरी राग गेला असेल, असं माझ्या मुलीला वाटतं. गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

सायकल वडिलांची होती. काळी, बावीस इंची, मधे दांडी असलेली पुरुषी सायकल. ते गिरणीत विणकामाला होते आणि वीस वर्षं त्याच सायकलवर पाळीला जात होते. मला सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात टायपिस्टची जागा मिळाली, त्या दिवशी त्यांनी सायकल धुतली, पुसली, सीट खाली केली आणि माझ्या हातात दिली. स्वतः दुसऱ्या दिवसापासून पायी निघाले. आई म्हणाली, "तुमी कसे जासान?" तर म्हणाले, "माहे पाय कोठी गेले?" यापुढे चर्चा झाली नाही.

दांडीच्या सायकलवर साडी नेसून बसता येत नाही. म्हणून मी पंजाबी ड्रेस घालून ऑफिसला जायला लागले. ऑफिसात तो घालणारी मी एकटी. पहिल्या आठवड्यात त्यावरून बरंच कुजबुजणं झालं. मी दुसऱ्या आठवड्यात आणखी भडक रंगाचा घालून गेले.

सायकल देताना वडिलांनी नियमही दिले होते. आमच्या वस्तीतून, इंदोऱ्याहून निघालं की वाटेत छोट्या गाडीचे रूळ लागत. ते आडवे, काटकोनात ओलांडायचे, तिरपे कधीच नाही. तिरपी घातली की चाक रुळाशेजारच्या खाचेत बसतं आणि माणूस डांबरावर. उभ्या ट्रकच्या बाजूनं जाताना घंटी वाजवायची आणि तोंडानंही ओरडायचं, कारण घंटी ऐकून कोणी सरकत नाही. उन्हाळ्यात चाकात हवा जरा कमी ठेवायची. कडक भरली तर भर दुपारी सायकल उभ्या उभ्या ट्यूब फुटते, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, तरी ते मला दर एप्रिलात सांगत. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की ब्रेक नीट लागत नसतील तर खाली उतरायचं आणि सायकल हातात धरून पायी यायचं.

"चालवाले कोनालेही येते," ते म्हणत. "थांबवाले आलं पाहिजे."

ऑफिसच्या आवारात सायकल स्टँड होतं. स्टँड म्हणजे टिनाचं अर्धं छप्पर आणि बाजूला एक कडुनिंब. तिथं एक म्हातारे काका बसत, गळ्यात ओला दुपट्टा, हातात पंखा. उन्हाळ्यात त्यांचं खरं काम सावली सांभाळण्याचं असे. सावली जिकडे सरके तिकडे ते सायकली हलवत. कुलूप लावलेली सायकल मागचं चाक उचलून फरपटत नेत. सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेली आपली सायकल संध्याकाळी झाडापलीकडे सापडे. कोणी तक्रार करत नसे, कारण उन्हात तापलेल्या सीटवर बसून पाहिलेल्या माणसाला या सोयीची किंमत कळते.

तो मे महिना होता. साडेपाचला मी बाहेर आले तर पश्चिमेकडे आभाळ पिवळं झालं होतं आणि धूळ उठत होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. कडुनिंबाखाली एक काळी, बावीस इंची, दांडीची सायकल उभी होती. मागच्या चाकाच्या कुलपात मी किल्ली घातली, कुलूप उघडलं, टांग मारली आणि वादळाच्या आधी घर गाठायचं म्हणून जोरात निघाले.

रुळांपाशी ब्रेक दाबला तर तो लागेना. चाक थोडं कुरकुरलं आणि तसंच पुढे गेलं. समोर बैलगाडी होती. मी पाय जमिनीवर घासून थांबले, चप्पल फाटली. नियमाप्रमाणे उतरले आणि उरलेली वाट धुळीतून, एका चपलेनिशी, पायी आले. मनात ब्रेकला शिव्या देत होते, काल तर चांगले लागत होते.

घरी आले तेव्हा वडील पाळी संपवून ओसरीत बसले होते. म्हटलं, "बाबा, ब्रेक लागूनच नाही राहिले."

त्यांनी ब्रेक पाहिले. मग हँडलवरून हात फिरवला, मग दांडीवरून, मग सीटच्या खाली. आंधळ्या माणसानं ओळखीचा चेहरा चाचपावा तसं.

"नाही लागनार," ते म्हणाले. "हे आपली सायकलच नोहे."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मीही नीट पाहिलं. आमच्या चेनकव्हरला खालच्या अंगाला एक पोचा होता. याला नव्हता.

परत न्यायची तर ऑफिस बंद झालेलं, स्टँडही बंद. सायकल कोणाची हे ठाऊक नाही. बाहेर वादळ. वडिलांनी सायकल घरात घेतली, भिंतीशी उभी केली आणि कोनाड्यातला पत्र्याचा डबा काढला. त्यात ब्रेकची चार नवी रबरं होती. आपल्या सायकलसाठी आणून ठेवलेली.

आई म्हणाली, "लोकाच्या सायकलीले हात काहून लावता? उद्या कोनी काही म्हनन."

"मंग का बिना ब्रेकची देऊ कोनाले?" वडील म्हणाले. "रबर पूरे झिजले आहेत. उद्या हा मानूस ट्रकखाली गेला तं?"

त्यांनी चारही रबरं बदलली, तार ओढून बसवली, चाक फिरवून दाबून पाहिलं. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांचा चेहरा खुलला. अनोळखी माणसाच्या सायकलीवर इतकं प्रेम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि आईनं म्हटलेलं इतक्या लवकर खरं ठरलेलंही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती सायकल घेऊन ऑफिसला पोचले. आमची सायकल रांगेत उभी दिसली आणि जीव भांड्यात पडला. चेनकव्हरचा पोचा पाहिला, खात्री करून घेतली. काकांना विचारलं, "काका, ही कोणाची?" ते म्हणाले, "बडेबाबूची होय. पाह्य बाई, सकायपासून बोंबलून राहिले." मला हसू आलं. काय पण गंमत झाली, असं सांगत हसत जायचं, दोघांनी हसायचं, असा माझा बेत होता. मूर्ख होते.

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. धरमपेठेत स्वतःचं घर, रोज कडक इस्त्रीचा बुशशर्ट, अक्षर मोत्यासारखं. उंचीला माझ्याएवढेच, म्हणून तर सीट मला खटकली नव्हती. मी आत गेले तेव्हा त्यांच्या टेबलाभोवती पाचसहा जण उभे होते आणि ते सांगत होते की काल संध्याकाळीच ठाण्यात जाऊन आलो, रिपोर्ट लिहून दिला.

मी म्हटलं, "साहेब, सायकल माझ्याकडे होती. चुकून नेली. दोन्ही एकसारख्या दिसतात ना. घरी पोचल्यावर कळलं, तेव्हा ऑफिस बंद झालेलं होतं, आणि कोणाची हे मला ठाऊक नव्हतं. खाली आणून ठेवलीय."

ते उठले, खाली गेले, पाहून परत आले. आल्यावर म्हणाले, "ब्रेक बदललेत."

"हो. वडिलांनी बदलले. झिजले होते."

"रात्रभर घरात ठेवली. नवे रबर घातले. वापरायची नसती तर घातले असते का कोणी?" हे त्यांनी मला विचारलं नाही, भोवतीच्यांना विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठं राहता तुम्ही? इंदोऱ्याला ना?"

माझा पत्ता त्यांच्याच रजिस्टरात, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला होता. त्यांना तो माहीत करून घ्यायचा नव्हता. भोवतीच्यांना ऐकवायचा होता. इंदोरा म्हटलं की जात वेगळी विचारावी लागत नसे. एकजण खाली मान घालून हसला. तो हसलेला माणूस मी लक्षात ठेवला. पुढे त्याचीही पाळी यायची होती.

अकरा वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कोणतीही गोष्ट दुपारच्या चहाच्या आत मिटायला हवी असे. ते म्हणाले, "हे बघा, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. पुढच्या महिन्यात कायम करण्याची फाईल माझ्याकडे येईल, ती बडेबाबूंच्या हातून येईल. प्रकरण वाढवू नका. चार ओळी लिहून द्या, ते रिपोर्ट मागे घेतील. संपलं."

चार ओळी बडेबाबूंनी सांगितल्या आणि मी टाईप केल्या. स्वतःचा कबुलीजबाब स्वतःच्याच टाईपरायटरवर. ओळी अशा होत्या की मी दुसऱ्याची सायकल त्याच्या परवानगीवाचून घरी नेली, याचा मला पश्चात्ताप होतो, पुन्हा असं वर्तन माझ्याकडून होणार नाही, क्षमा असावी. सवयीनं मी दोन कागदांत कार्बन घातला होता. आमच्या ऑफिसात कार्बनशिवाय काही टाईप होतच नसे. कागद यंत्रातून काढले आणि दोनदा वाचले. यातलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं. तरी हा कागद चोराचा होता.

"सही उद्या करते," मी म्हटलं.

"उद्या कशाला?"

"वडिलांना दाखवते."

बडेबाबू म्हणाले, "जरूर दाखवा. त्यांनाही कळू द्या." मी दोन्ही प्रती घडी करून पर्समध्ये ठेवल्या.

घरी कागद वडिलांना वाचून दाखवला. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते, आणि तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जाई. न दिलेलं घेणार नाही, हे त्यातलं दुसरं शील. मला अक्षर ओळखायच्या आधी ते पाठ होतं. लहानपणी मी शेजारच्या अंगणातला एक पेरू उचलला, तर वडिलांनी मला हाताला धरून तो परत द्यायला लावला होता. शेजारीण म्हणाली, "राहू द्या, पोरगी होय," तरीसुद्धा. अशा माणसाला मी तो कागद वाचून दाखवत होते.

 मला वाटलं, आता म्हणतील, करून टाक सही, नोकरी टिकली पाहिजे. त्यांनी म्हटलं असतं तर मी केली असती, हे इथं कबूल करते. पण ते म्हणाले ते भलतंच.

"म्या हात लावाले नव्हता पाहिजे. तुह्या मायनं सांगतलं होतं."

त्यांचा आवाज खाली गेला होता. एका अनोळखी माणसाचा जीव वाचावा म्हणून त्यांनी आपल्या सायकलची रबरं त्याला घातली, आणि आता ते त्याचा पस्तावा करत ओसरीत बसले होते. तोवर मला भीती वाटत होती. त्या क्षणी भीती गेली आणि संताप आला. नोकरी गेली तर गेली. माझ्या बापानं चांगल्या कामाची लाज बाळगायची, हे मी होऊ देणार नव्हते.

"सही नाही करत मी," मी म्हटलं.

"नको करू," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "पन मले एक सांग. किल्ली लागली कशी? नसती लागली तं तू नेलीच नसती."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. बडेबाबूंच्या तर नाहीच. आम्ही दोघं बाहेर आलो. शेजाऱ्याची सायकल दारात उभी होती. वडिलांनी त्याला हाक मारून विचारलं आणि माझी किल्ली त्याच्या कुलपात घातली. उघडलं नाही. पुढच्या घरची पाहिली. उघडलं. त्याच्या पुढची, नाही. कोपऱ्यावरची, उघडलं. सायकलवाले जमा झाले, आपापल्या किल्ल्या काढून एकमेकांच्या कुलपांना लावायला लागले. कुलपं उघडत होती आणि माणसं हसत होती. एकजण म्हणाला, "म्हंजे आतापरेंत आपल्या सायकली चोरीले गेल्या नाही ते लोकाइची मेहरबानी होय का गा?"

ती मागच्या चाकाची कड्यांची कुलपं सगळ्या शहरात एकाच धाटणीची होती. चपटी, बोटाएवढी किल्ली, तिला दोन किंवा तीन खाचा. वडील म्हणाले, "कारखानेवाला का दर कुलपाले नवी खाच पाडते?" आपण सगळे रोज इमानेइतबारे कुलूप लावत होतो आणि किल्ली खिशात जपून ठेवत होतो.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, कागद आणलाय. पण आधी पाच मिनिटं खाली स्टँडवर या. बडेबाबूंनाही घेऊन."

"सहीला स्टँडवर कशाला?"

"आल्याशिवाय मी सही करणार नाही."

असं मी साहेबांशी बोलू शकते हे मलाच त्या दिवशी कळलं. ते आले. ते आले म्हणून बडेबाबू आले, आणि बडेबाबू आले म्हणून अर्धं ऑफिस डबे तसेच ठेवून आलं. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. सगळे कडुनिंबाच्या सावलीत सायकलींच्या आजूबाजूला दाटीवाटीनं उभे राहिले.

मी किल्ली वर धरून दाखवली. "ही माझी किल्ली," म्हटलं. आणि बडेबाबूंच्या सायकलला लावली. कुलूप उघडलं.

"हे तर सिद्धच आहे," बडेबाबू म्हणाले. "उघडलं म्हणून तर नेली."

मी पुढे सरकले. रांगेतल्या पुढच्या सायकलला किल्ली लावली. नाही लागली. तिच्या पुढची, नाही. चौथी उघडली. अकाउंटंटची होती. ते "अरे!" म्हणाले. मग मी एकही सायकल न सोडता रांगेच्या शेवटापर्यंत गेले. तेवीस सायकली होत्या, बडेबाबूंची धरून सात उघडल्या. एक शिपायाची, एक टपालवाल्या बाबूची, आणि शेवटची त्याची, जो आदल्या दिवशी मान खाली घालून हसला होता. त्याचं कुलूप सर्वांत सहज उघडलं. किल्ली घातली न घातली तोच.

सुरुवातीला लोक हसत होते. पाचव्या कुलपापासून हसणं थांबलं. मी वळून पाहिलं तर बऱ्याच जणांचे हात खिशात होते.

"साहेब," मी म्हटलं, "मला चोरी करायची असती तर गेल्या नऊ महिन्यांत सात सायकली गेल्या असत्या. आणि बिनब्रेकची तर मी मुळीच निवडली नसती."

साहेब काही म्हणणार तेवढ्यात मी बडेबाबूंपुढे हात केला. "आता तुमची किल्ली द्या. तुमची माझ्या कुलपाला लागते का पाहू."

मला फक्त हिशोब पुरा करायचा होता. माझी त्यांच्या कुलपाला लागते, तर त्यांचीही माझ्या कुलपाला लागत असणार, एवढंच. पण बडेबाबूंनी किल्ली काढली नाही. हात खिशात तसाच राहिला. "माझ्या किल्लीचा काय संबंध?" ते म्हणाले, आणि आवाज जरा चढला.

झाडाच्या बुंध्याशी बसलेले स्टँडवाले काका पंखा हलवायचे थांबले. "लागते न," ते म्हणाले. "परवा लागलीच होती."

मला आधी समजलंच नाही. "परवा कधी, काका?"

"तू गेली न, त्याच्या मागून बडेबाबू आले. याइची सायकल नाही. तुही उभी होती. याइनं किल्ली लावली, बसले अन् गेले."

 मी बडेबाबूंकडे पाहिलं. "बडेबाबू, परवा तुम्ही घरी कशावर गेलात?"

त्यांनी रुमाल काढला, मान पुसली. "अं... धूळ होती. मला वाटलं माझीच आहे. घरी पोचल्यावर कळलं."

"मग परत आणून का नाही ठेवली?"

"ऑफिस बंद झालेलं होतं. आणि कोणाची हे मला काय ठाऊक?"

हे शब्द मी आदल्या दिवशी त्यांच्याच टेबलासमोर उभी राहून बोलले होते. जवळजवळ जसेच्या तसे. म्हणजे माझी सायकल रात्रभर धरमपेठेत त्यांच्या अंगणात होती. तिच्यावरच बसून ते ठाण्यात रिपोर्ट लिहायला गेले असणार, कारण दुसरी सायकल त्यांच्याकडे होतीच कुठं? दुसऱ्या दिवशी तिच्यावरच बसून ते ऑफिसला आले, ती रांगेत लावली, आणि वर जाऊन मला माझा पत्ता विचारला. एकाच संध्याकाळी, एकाच झाडाखाली, एकच चूक आम्ही दोघांनी केली होती. त्यांनी केली ती चूक राहिली आणि मी केली ती चोरी झाली. आणि त्यांना मधल्या सगळ्या वेळात यात काही विचित्र वाटलं नव्हतं. ते खोटं बोलत होते असंही मला वाटत नाही. आपणही दुसऱ्याची सायकल नेली, हे त्यांच्या मनातच आलं नसावं. याचाच मला जास्त राग येतो, आजही.

मी पर्समधून दोन्ही कागद काढले. वरची प्रत आणि कार्बनची प्रत.

"मजकूर तुमचाच आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याची सायकल परवानगीवाचून घरी नेली, पश्चात्ताप होतो, क्षमा असावी. एका प्रतीवर मी सही करते, एकीवर तुम्ही करा. वरची तुम्ही घ्या. कार्बनची मला चालेल."

मागून कोणीतरी खोकलं. काकांनी पुन्हा पंखा हलवायला सुरुवात केली. बडेबाबूंनी कागदाकडे पाहिलं आणि मग साहेबांकडे, आणि साहेबांनी माझ्या हातातून दोन्ही प्रती घेतल्या, घडी केल्या, खिशात घातल्या. "झालं, झालं," ते म्हणाले. "उन्हात उभं राहू नका. चला, कामाला लागा. बडेबाबू, तुम्ही आजच ठाण्यात जाऊन या."

बस, एवढंच. कोणी माफी मागितली नाही. मी माफीची वाट पाहिली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी वाट पाहिली, बरेच महिने. रोज सकाळी बडेबाबू आत आले की मी टाईपरायटरवरून मान वर करून पाही, आणि ते रजिस्टर उघडत. माझी फाईल त्यांनी दोन महिने दाबून धरली, मग साहेबांनी विचारल्यावर पुढे पाठवली. नोकरी कायम झाली. तो हसणारा बाबू मात्र पुढे माझ्याशी फार अदबीनं वागायला लागला, त्याची मला मजा वाटे आणि मी ती लपवत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाऊन सगळं सांगितलं, कुलपं, काका, कागद, रुमाल, सगळं. आई मधे मधे "बाप्पा!" म्हणत होती. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"ब्रेक लागून राहिले का त्याचे?"

"लागून राहिले." मी निघताना पाहिलं होतं. फाटकापाशी रिक्षा आडवी आली आणि बडेबाबू जागच्या जागी थांबले होते.

"मंग झालं," वडील म्हणाले. आदल्या रात्रीचा तो खाली गेलेला आवाज पुन्हा मी कधी ऐकला नाही.

महिन्याभरात आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी कुलपं बदलली. काहींनी साखळ्या आणल्या. बडेबाबूंनी नवं कुलूप आणि साखळी दोन्ही लावली, रोज दोन किल्ल्या फिरवत ते स्टँडवर वाकलेले असत. रबरं मात्र त्यांनी काढली नाहीत. कोणत्या घरची आहेत ते त्यांना ठाऊक होतं, तरी काढली नाहीत.

वडील मला म्हणाले, "तूही बदलून घे वं. त्याची किल्ली लागते तुह्या कुलपाले."

"लागू द्या," मी म्हटलं.

"कोनी नेली तं?"

"नेली तर नेली, बाबा. मी नाही बदलत."

हे शहाणपणाचं नव्हतं, मला माहीत होतं. पण त्या स्टँडवर एकमेकांची भीती बाळगायची तर ती मी बाळगावी, हे मला मान्य नव्हतं. माझी किल्ली सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्यांनी कुलपं बदलली. मी तेच जुनं, दोन खाचांचं कुलूप लावत राहिले. पुढे चौदा वर्षं ती सायकल मी त्या स्टँडवर उभी केली, बडेबाबू निवृत्त होईपर्यंत त्यांच्या सायकलच्या शेजारी, मुद्दाम, त्यांचा हात जुन्या किल्लीनिशी सहज पोचेल अशी. ती रोज संध्याकाळी तिथंच असे.